शाकारणी

पदवीच्या वर्गात कुसुमाग्रजांची 'कोलंबसाचे गर्वगीत' ही कविता शिकवीत असताना आम्हांला एकदा एक प्रश्न विचारला गेला. कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी मुलगी होती. समुद्राचे आव्हान, माणसाची अजिंक्य जिद्द, क्षितिजापलीकडचे जग असे सगळे सांगून झाल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एवढे दिवस ते प्यायचं पाणी कशात ठेवत होते?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि तो या कवितेचा विषय नाही असे सांगून पुढच्या कडव्याकडे वळलो.

कवितेपुरते आमचे उत्तर बरोबर होते. तरी तो प्रश्न मनातून गेला नाही. समुद्र इथून सुमारे चारशे किलोमीटरांवर. वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. पण २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा ही मुले शाळकरी वयाची होती आणि टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी राहिलेली होती. चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी पिण्याचे पाणी मोजून वापरावे लागते, हे त्या मुलीला कुणी सांगावे लागले नाही. ते तिने स्वतःच ताडले. हसायला नको होते, असे आता वाटते. त्या हसण्याच्या निमित्ताने मराठी वाचनाच्या एका जुन्या सवयीविषयी काही लिहावे, असा विचार आहे.

आधी कोलंबसाचेच पाहू. आपल्याला ठाऊक असतो तो १४९२चा कोलंबस. त्याच्या चौथ्या आणि अखेरच्या सफरीविषयी फारसे कुणी शिकवीत नाही. त्या सफरीत त्याची जहाजे वादळांनी खिळखिळी झालीच, पण त्यांचा खरा घात केला तो लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनी. तळाच्या फळ्यांची चाळण झाली, रात्रंदिवस पंप मारूनही पाणी हटेना. शेवटी १५०३च्या जूनमध्ये उरलेली दोन जहाजे त्याने जमैकाच्या किनाऱ्यावर वाळूत चढवली आणि सुटका होईपर्यंत तिथेच वर्षभर अडकून पडला. समुद्राला ललकारणाऱ्या माणसाचा पराभव बोटभर जाडीच्या किड्याने केला. कवितेला हा तपशील नको होता आणि तिने तो घेतला नाही. कवितेचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. मात्र कविता वाचणाऱ्या आम्हांला तो ठाऊकही नसावा, हे चांगले लक्षण नव्हे.

मराठी वाङ्मयात समुद्र पुष्कळ आहे. संतांच्या अभंगांत भवसागर आहे, त्यातून पैलतीरी नेणारे तारू आहे, आणि विठ्ठल त्याचा नावाडी आहे. ज्यांनी हे रूपक घडवले त्यांच्यातले बहुतेक जण पठारावरचे. त्यांना परिचित पाणी चंद्रभागेचे, इंद्रायणीचे, गोदेचे. त्यांच्या तारवाला कधी भोक पडत नाही, कारण ते नामाचे तारू आहे. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या 'सागरा प्राण तळमळला' या गीतात समुद्र हा मायभूमी आणि आपण यांच्यातले अंतर आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेत तो प्रतिस्पर्धी आहे. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' या १९३९च्या कादंबरीचा बराचसा भाग जहाजावर घडतो, पण ते उतारूंचे जहाज आहे. त्याची यंत्रे कोण चालवतो, गंज कोण खरवडतो, हे उतारूंना दिसत नाही आणि कादंबरीचे ते प्रयोजनही नाही.

म्हणजे आपला समुद्र बहुधा काठावरून किंवा डेकवरच्या खुर्चीतून पाहिलेला आहे. तो प्रतीक म्हणून फार मोठा आहे, आणि प्रतीकाची डागडुजी करावी लागत नाही. आमची तक्रार कवींकडे नाही, समीक्षेकडे आहे. प्रतीके वाचण्याची आम्हांला इतकी सवय जडली की प्रत्यक्ष नौका, तिची देखभाल आणि तिच्यावरचा रोजचा दिवस समोर आला तर तो वाङ्मयाबाहेरचा मानून आम्ही पान उलटतो. साहस, देशाभिमान आणि निसर्गवर्णन एवढेच वेचून घेतो. सागरप्रवासाच्या लेखनात खरी माणसे असतात ती या उलटलेल्या पानांत, असे आमचे म्हणणे आहे.

उदाहरण अलीकडचे आणि आपल्याच माणसांचे घेऊ. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन अशी चार बंदरे घेऊन २०१०च्या मे महिन्यात ते मुंबईला परतले. नौकेचे नाव 'म्हादेई'. वृत्तपत्रांत आणि शालेय भाषणांत ही कथा एवढीच असते: निघाले, वादळे झेलली, परतले.

दोंदे यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले 'द फर्स्ट इंडियन' हे इंग्रजी पुस्तक उघडले की प्रमाण बदलते. 'सागर परिक्रमा' हा प्रकल्प त्यांनी हाती घेतला २००६ साली. पूर्ण झाला २०१०मध्ये. चार वर्षांतले सुमारे नऊ महिने प्रत्यक्ष प्रवासाचे आणि उरलेला सगळा काळ नौका मिळवण्याचा, बांधण्याचा, शिकण्याचा, मंजुऱ्यांमागे फिरण्याचा. ती नौका बांधली गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या बोटी बांधण्याच्या कारखान्यात. छप्पन्न फुटांची अशी सागरगामी शिडाची नौका त्या कारखान्याने त्याआधी बांधलेली नव्हती. बांधणारा नवा आणि चालवणारा नवा. दोघेही करीत करीत शिकले. ज्या माणसाला भर समुद्रात एकट्याने ही नौका दुरुस्त करायची आहे त्याने ती बांधली जात असताना तिथे असावे, हा त्यातला साधा हिशेब. कुठली तार कुठून गेली आहे, कोणता बोल्ट कशाच्या मागे दडला आहे, हे नकाशावरून कळते त्याहून बांधताना अधिक कळते. वाटेतल्या चार बंदरांतले मुक्कामही विसाव्यापेक्षा दुरुस्तीचेच असतात.

या प्रकल्पामागची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णी गावी. फलटणचा तो भाग पावसाच्या बाबतीत आमच्यापेक्षा फारसा भाग्यवान नाही. भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला वळसा घालावा हे स्वप्न ज्या घरात जोपासले गेले ते घर माळरानावरच्या गावातले होते, याचे आम्हांला अप्रूप वाटते.

दोंदे ज्यांच्याकडे शिकायला गेले ते सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातल्या फाल्मथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते तिथेच परतले. स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांपैकी शेवटास पोचलेले ते एकटेच. त्यांची बत्तीस फुटी 'सुहेली' ही नौका मुंबईत बांधलेली, हिंदी सागवानाची, हिंदी सुतारांच्या हातची. १९६४च्या डिसेंबरात तिला मुंबईतच पाण्यात सोडले. या नौकेच्या यशात आपल्या सुतारांचा वाटा किती, यावर मराठीत काही लिहिले गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

नॉक्स-जॉन्स्टन यांचे 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' हे पुस्तक साहसकथा म्हणून खपते. वाचताना मात्र ते दुरुस्त्यांची मालिका वाटते. अटलांटिकमध्ये असतानाच नौका गळू लागली. दोन फळ्यांमधला सांधा उघडला होता, तोही पाण्याच्या रेषेखाली. ते पाण्यात उतरले, श्वास रोखून खाली गेले आणि सांध्यात कापूस ठासू लागले. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली, आणि मग काम पुढे चालू. दक्षिण समुद्रात वादळाने नौका आडवी केली आणि टाकीतले गोडे पाणी बिघडले. तेव्हापासून मदार शिडावरून निथळणाऱ्या पावसाच्या पाण्यावर. रेडिओ बंद पडला. आपोआप दिशा धरणारे यंत्र मोडले.

एक प्रसंग आम्ही वर्गात सांगतो. बॅटरीला वीज पुरवणाऱ्या छोट्या इंजिनात दोन टोकांमधली फट अगदी नेमकी ठेवावी लागते, आणि ती मोजायचे साधन नौकेवर नव्हते. तेव्हा त्यांनी एक पुस्तक घेतले, एक इंच जाडीत किती पाने येतात ते मोजले. दोनशे आली. म्हणजे एका पानाची जाडी इंचाच्या पाच सहस्रांश. तीन पाने एकत्र धरून त्यांनी ती फट बसवली. साहित्याचा उपयोग काय, असे आम्हांला पालक अधूनमधून विचारतात. हे उत्तर त्यांना चालेल की नाही ठाऊक नाही, पण विद्यार्थ्यांना आवडते.

आता या देखभालीत असते तरी काय, ते थोडे खोलात पाहू, कारण विषयाचा जीव तिथे आहे. शिडाची नौका वर्षातून एकदा तरी पाण्याबाहेर काढावी लागते. तिचा तळ पाहिला की समुद्र हा रिकामा नाही हे कळते. तळाला शेवाळ धरलेले असते, कवचाचे बारीक प्राणी चुन्यासारखे घट्ट चिकटलेले असतात. ते खरवडायचे, घासायचे, मग ते पुन्हा धरू नयेत म्हणून विषारी रंगाचे हात द्यायचे. हा रंगही हळूहळू झिजून जाण्यासाठीच असतो. पाण्याखालच्या भागाला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात. खाऱ्या पाण्यात निरनिराळे धातू शेजारी असले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो. झिजायचे तर जस्ताने झिजावे, पंख्याने आणि दांड्याने नव्हे, अशी ही योजना. ठोकळा अर्धा उरला की नवा लावायचा. फायबरग्लासच्या तळात पाणी मुरून फोड येतात, ते फोडून, वाळवून, पुन्हा भरून काढायचे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून कापड फिरवायचे. एखादा धागा कापडात अडकला तर ती तार बदलायची, कारण एक धागा तुटला की बाकीच्यांवर भार येतो. शिडांचे कापड टिकते, पण उन्हाने शिवण आधी जाते. म्हणून सुई, दोरा आणि मेण यांना नौकेवर शस्त्रांइतका मान.

दोरांचे एक तंत्र तर आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगताच समजते. दोर कप्पीवरून जिथे वळतो तिथेच घासतो. म्हणून शहाणा खलाशी रोज तो वीतभर पुढे-मागे सरकवतो, म्हणजे झीज एका जागी साचत नाही. विहिरीच्या रहाटावरचा दोर कुठे झिजतो आणि तो उलटा करून का बांधतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे शिकवावे लागत नाही.

समुद्रावरचा रोजचा दिवसही असाच. स्टोव्ह नौकेबरोबर कलू नये म्हणून झुलता टांगलेला. तरीही पातेले बांधून ठेवायचे. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची. अंगावरचे कपडे खाऱ्या पाण्यात धुतले तर कधी पुरते वाळत नाहीत, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. एकटा माणूस सलग झोपू शकत नाही, थोडा थोडा वेळ डोळा लावून उठायचे, क्षितिज पाहायचे, पुन्हा आडवे व्हायचे. ठरल्या वेळी नोंदवहीत लिहायचे: वेळ, स्थान, वारा, हवेचा दाब, काय मोडले, काय दुरुस्त केले. आणि या सगळ्याच्या मध्यभागी पिण्याचे पाणी. किती शिल्लक आहे, दिवसाला किती, पाऊस आला तर काय काय भरून घ्यायचे.

आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही घरात टंचाईच्या दिवसांत हेच गणित चालते. पिण्याचे पाणी वेगळ्या भांड्यात, त्याला दुसरे कुणी हात लावायचा नाही. तांदूळ धुतलेले पाणी गुरांना, भांडी विसळलेले झाडांना. टँकर आला की घरात जे जे पोकळ असेल ते भरून ठेवायचे. समुद्रावरच्या या पानांचा उत्तम वाचक किनाऱ्यावर असेलच असे नाही. तो धाराशिवला, भूमला, परंड्यालाही असू शकतो. सप्टेंबर २०२५मध्ये याच भूम-परंडा भागात महापूर आला आणि माणसे काढायला बचावपथके बोटी घेऊन आली. टंचाईइतकेच पाण्याचे अतिरेकही या लोकांना आता नवे राहिलेले नाहीत.

नौकेवरच्या पराक्रमी माणसाची दिवसभराची कामे एका कागदावर लिहून काढली तर ती अशी दिसतात: पाणी मोजणे, स्वयंपाक, भांडी, शिवणकाम, पुसापुशी, गळती शोधणे, उरलेल्या धान्याला कीड लागली का ते पाहणे. हीच कामे घरात होतात तेव्हा त्यांची नोंदवही नसते आणि करणारीला दर्यावर्दी म्हणत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला मराठीने डोक्यावर घेतले, ते योग्यच. पण त्या पुस्तकाविषयी बोलताना आम्ही 'सहज', 'निर्व्याज', 'घरगुती' ही विशेषणे किती पटकन वापरतो! मोडलेला संसार दर वेळी नव्या गावी, नव्या चुलीवर पुन्हा उभा करण्याची अक्कल त्यात आहे. ती अक्कल आम्हांला शैलीचा गुण वाटते, विषय वाटत नाही. देखभाल वाचण्याची सवय असती तर कदाचित वाटली असती.

भारतीय नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात 'तारिणी' नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेले नसताना मॉरिशसला थांबावे लागले. त्या सफरीच्या गौरवात 'नारीशक्ती' हा शब्द फार वेळा आला. सुकाणू कसे बिघडले, कुणाच्या लक्षात आले, बंदर गाठेपर्यंत नौका कशी सांभाळली, या गोष्टी मागे पडल्या. गौरवाचा शब्द आला की कामाचा तपशील जातो, हा अनुभव फक्त समुद्राचा नाही.

हे सगळे मराठीला परके आहे का? तसे मुळीच नाही. एम.ए.ला आपण रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' नेमतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या या ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी सागवान कोणते व कसे तोडावे, रयतेच्या आंब्या-फणसांना हात का लावू नये, पावसाळ्यात आरमार छावणीस कुठे ठेवावे, याचा त्यात विचार आहे. विजयदुर्गाजवळच्या खाडीत खडक खोदून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही ओळखता येते. राज्यकर्त्याने लाकडाचा, पावसाचा आणि झाडाच्या मालकाचा एकत्र विचार केला, हे त्या प्रकरणाचे मोठेपण. वर्गात मात्र आम्ही 'आज्ञापत्रा'तून राजनीती आणि गद्यशैली शिकवतो. जहाजाची प्रकृती सांभाळण्याविषयीचे ते गद्य परीक्षेत येत नाही.

भाषेनेही ही नाती जपून ठेवली आहेत. 'नांगर' म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांपुढे शेत येते. जहाजाने नांगर टाकला, या वाक्याने त्यांची क्षणभर गंमत होते. एका नांगराचे मूळ संस्कृत 'लाङ्गल', दुसऱ्याचे फारसी 'लंगर'. मराठीने दोन्ही एका शब्दात आणून ठेवले. दोन्ही नांगर जमिनीत रुततात आणि माणसाला तिथे धरून ठेवतात, हे अर्थात आमचे मागाहूनचे वाचन.

दुसरा शब्द 'शाकारणे'. पावसाळ्यापूर्वी छपराची कौले, गवत उतरवून पुन्हा बसवणे म्हणजे घर शाकारणे. कोकणातले मच्छीमार पावसाळ्याच्या तोंडी होड्या किनाऱ्यावर ओढतात, त्यांच्यावर झावळ्या-ताडपत्रीचे छप्पर घालतात, आणि तेही म्हणतात, होड्या शाकारल्या. आमच्याकडच्या माळवदांवर मृगाआधी पांढरी माती टाकून ती चोपून घेत, ते कामही त्याच जातीचे. घर आणि होडी, पठार आणि किनारा, एकाच क्रियापदाने पाऊस सोसायला तयार होतात. समीक्षेच्या परिभाषेत आम्ही इंग्रजीतून किती शब्द उचलले! स्वतःच्या भाषेतला हा शब्द वाङ्मयाला लावून पाहायचे कुणाला सुचले नाही.

समुद्राशी आमच्या जिल्ह्याचे नाते नवेही नाही. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचे नाव येते. इथले कापड पैठणमार्गे भडोचच्या बंदराकडे जाई आणि तिथून जहाजांत चढे. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू त्या व्यापाराची साक्ष देतात. त्या ग्रंथाचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. ते महाकाव्य नाही, खलाशी-व्यापाऱ्यांसाठीचे टिपण आहे. कुठे खडक आहेत, कुठे भरती जोराची आहे, भडोचच्या धोकादायक मुखाशी राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन सामोरे येतात आणि परदेशी जहाजांना ओढून आत नेतात. आमच्या गावाचे सर्वांत जुने परदेशी नाव राहिले ते अशा व्यावहारिक टिपणात, हे आम्हांला सूचक वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. याद्या म्हणजे साहित्य नव्हे. कोणता बोल्ट बदलला हे लिहिले म्हणून लेखन श्रेष्ठ होत नाही. कबूल. दुरुस्तीच्या कंटाळवाण्या नोंदी आम्हीही वाचल्या आहेत. पण जोशुआ स्लोकमचे 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' हे १९००चे पुस्तक पाहा. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. पुस्तकाच्या आरंभी तो शेतात पडलेले एक मोडके तारू पुन्हा बांधतो, आणि त्यासाठी लागलेले तेरा महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट यांचा हिशेब देतो. ते बासष्ट सेंट वाचताना आपला त्याच्यावर विश्वास बसतो, आणि पुढे तो समुद्राविषयी जे सांगेल ते आपण ऐकतो. कॉनरॅडने 'द मिरर ऑफ द सी'मध्ये नांगराच्या बाबतीत वृत्तपत्रांनी वापरलेल्या चुकीच्या क्रियापदाबद्दल चिडून लिहिले. त्या चिडण्यात भाषेविषयीची आणि कामाविषयीची निष्ठा वेगळी काढता येत नाही. तपशील यादीतून साहित्यात येतो तो असा: तो लिहिणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो म्हणून.

शिक्षकमित्रांसाठी आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. 'आज्ञापत्रा'तले आरमाराचे प्रकरण वर्गात गद्य म्हणून वाचावे. दोंदे यांच्या पुस्तकातली नौकाबांधणीची प्रकरणे, सगळी नाही तरी दोन, विद्यार्थ्यांकडून मराठीत आणून घ्यावीत. अनुवाद करताना कोणते मराठी शब्द आहेत आणि कोणते नाहीत हे आपसूक कळेल. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी गोदीतले, होडीवरचे शब्द, ते वापरणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्यावेत. लाकडी होड्या बांधणारे हात कमी होत आहेत, आणि हातांबरोबर शब्द जातात. जानेवारी २०२०मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावी झाले तेव्हा अध्यक्ष होते वसईच्या किनाऱ्यावरचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. किनारा इथवर येऊ शकतो, तर त्याचे शब्दही येतील.

आम्ही आमच्यापुरती एक सुरुवात केली. पुढच्या वर्षी तीच कविता शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना महिनाभर घरातल्या देखभालीची नोंदवही ठेवायला सांगितली: रोज, तारीख घालून, विशेषणांशिवाय. बोअरची मोटर जळाली, पत्र्याला भोक होते, आईने गोधडीला नवे ठिगळ लावले, टाकीत दोन वीत पाणी. अर्ध्या वह्या आठवड्यात थांबल्या, काही नुसत्या नकला निघाल्या. सात-आठ मात्र अशा होत्या की आम्ही त्या दोनदा वाचल्या. त्यांतल्या एकीने शेवटच्या पानावर लिहिले होते की आई दिवसातून किती वेळा टाकीत डोकावते हे तिने यापूर्वी कधी मोजले नव्हते.

कोलंबसाचे पाणी लाकडी पिंपांत होते. ते कालांतराने हिरवे पडत असे, आणि वाटेत बेट लागले की खलाशी आधी गोड्या पाण्याचा झरा शोधत. त्या मुलीला हे उत्तर आम्ही त्याच तासाला द्यायला हवे होते. कविता त्यानंतरही शिकवता आली असती.